ऑफिसात समावेशकता शिकवायला नाटक आणि लोकांचे स्वतःचे अनुभव वापरावेत का?

तुम्ही लिहिलंय की कंपनीत 'डायव्हर्सिटी अँड इन्क्लुजन'चं दोन तासांचं सत्र घ्यायचंय, स्लाइडांना लोक कंटाळलेत, म्हणून एखादं छोटं नाटक आणि मग चार-पाच जणांनी उठून आपापले अनुभव सांगायचे, असं केलं तर चालेल का.

नाटक जरूर करा. अनुभवांचं मात्र जरा थांबा. ती चूक मी करून बसलोय.

बरीच वर्षं झाली. एका कॉलेजच्या एनएसएस शिबिरात रात्री मुलांना गोल बसवलं आणि म्हटलं, 'आपण इथले नाही असं कधी वाटलं, ते सांगा.' पहिले दोघं-तिघं मेस आणि रॅगिंगवर बोलले. मग एक मुलगी बोलली. स्कॉलरशिपची यादी वर्गात मोठ्यानं वाचली जायची, तिचं नाव आलं की मागच्या बाकावरून काय ऐकू यायचं, ते सगळं. दोघी रडल्या, टाळ्या झाल्या, आणि मी मनातून खूश. दुसऱ्या दिवशी श्रमदानात घमेल्यांची साखळी लागली. तिच्यापाशी घमेलं आलं की शेजारचा म्हणे, 'तू राहू दे गं, दमशील.' आदल्या दिवशी हीच पोरं तिच्याशी पैजा लावून घमेली उचलत होती. दुपारी ती माझ्याकडे आली. म्हणाली, 'सर, कालपर्यंत मी नुसती त्यांच्या ग्रुपमधली होते.'

तेव्हापासून ज्याला सोसावं लागलं त्याला सगळ्यांसमोर उभं करणं मी बंद केलं. शिकायचं बाकीच्यांनी, आणि त्याची किंमत त्यानं का मोजायची?

त्याऐवजी मी फोरम थिएटर करतो. ऑगस्तो बोआल या ब्राझीलच्या रंगकर्मीची ही पद्धत. लष्करी राजवटीनं १९७१ साली त्याला पकडून छळलं, मग त्याला देश सोडावा लागला. १९७३ साली तो पेरूमधल्या साक्षरता मोहिमेत होता. लोकांनी सांगितलेला प्रसंग बसवायचा, पुढे काय करावं ते प्रेक्षकांनी सुचवायचं आणि नटांनी करून दाखवायचं, अशी त्याची तेव्हाची रीत. एकदा नवऱ्यानं फसवलेल्या बाईचा प्रसंग चालला होता. प्रेक्षकांतली एक धिप्पाड बाई म्हणाली, तिनं त्याच्याशी स्पष्ट बोलावं. नटीनं बोलून दाखवलं. 'असं नव्हे, स्पष्ट!' पुन्हा केलं, तरी बाईचं समाधान होईना. शेवटी बोआलनं तिलाच वर बोलावलं. बाईनं झाडू उचलला, नवरा झालेल्या नटाला बदडलं आणि मग त्यालाच जेवण आणायला पाठवलं. तिचं 'स्पष्ट' म्हणजे काय, ते तोवर कुणालाच कळलं नव्हतं. प्रेक्षकानं स्वतः रंगमंचावर जायचं, ही कल्पना तिथून आली असं बोआल सांगायचा. आपल्याकडे पश्चिम बंगालात १९८५ साली सुरू झालेली 'जन संस्कृती' ही संस्था गावोगाव हेच करतेय.

आणि आपल्यालाही हे अगदीच नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं ते लोकांना शहाणं करायलाच, आणि त्यातला विदूषक मध्येच तोंड घालून टिप्पणी करतो. बोआलच्या पद्धतीत खेळ थांबवून प्रेक्षकांशी बोलणारा जो 'जोकर' असतो, तो मला या विदूषकाचा चुलतभाऊ वाटतो.

माझा ठरलेला प्रसंग तीन मिनिटांचा आहे. नवीन लागलेला पोरगा मीटिंगमध्ये आकडे सांगतोय. 'मागच्या तिमाहीचा सेल आनि...' एक जण मध्येच म्हणतो, 'आनि?' सगळे हसतात. पोरगा पुढचं इंग्रजीत बोलायला जातो, अडखळतो, बसतो. खेळ संपला. मग तोच प्रसंग पुन्हा, पण आता कुणीही 'थांबा' म्हणून आत यायचं. टर उडवणाऱ्याची जागा घ्यायची नाही, तो एकाएकी सज्जन झाला तर मग प्रश्नच उरला नाही. जागा घ्यायची ती त्या पोराची, किंवा (ही माझी भर) हसणाऱ्यांपैकी एकाची.

एका कंपनीत आधी एक मॅनेजर उठले आणि प्रमाणभाषा व बोली यांवर भाषणच ठोकलं. तो पोरगा झालेला नट आणखी आखडला. मागून आवाज आला, 'यापेक्षा मगाचचं बरं होतं.' मग अकाउंट्समधले एक वयस्कर गृहस्थ आले. 'आनि?' झाल्याबरोबर ते कागदातून मान वर न काढता म्हणाले, 'हां, आनि काय? पुढचा आकडा सांग.' बस, एवढंच. पोरानं आकडा सांगितला, मीटिंग पुढे सरकली. टर उडवणाऱ्या नटाला पुढे काय बोलावं सुचेना. अशी जागा मला घरी बसून लिहिता आली नसती.

याच्यानंतर अनुभव. पण प्रश्न उलटा विचारायचा: 'तुम्ही कुणाला हसलात, किंवा कुणी हसत असताना गप्प बसलात?' नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं, वाचायचं मी. एक चिठ्ठी अशी होती: 'मी साताऱ्याकडचा. पुण्यात आल्यावर सहा महिने ण घोटला. आता दुसऱ्यांचा मीच पकडतो.'

बाकी बारीकसारीक: पंचविसाच्या वर माणसं नकोत. व्हिडिओ नको. साहेब असतील तर त्यांनीही चिठ्ठी लिहायची, नाहीतर बाहेर थांबायचं. डोळ्यांवर पट्टी बांधून ऑफिसात फिरवण्याचा खेळ कृपा करून नको. त्यातून चाचपडणं तेवढं कळतं, आणि लोक 'बिचारे' म्हणत बाहेर येतात. कुणी आपणहून स्वतःची गोष्ट सांगायला तयार असेल तर काय सांगायचं नाही ते त्याला आठवडाभर आधी ठरवू द्या, आणि ऐन वेळी 'नको' म्हणाला तर का ते विचारू नका. बाहेरून कुणाला बोलावलंत तर मानधन द्या. शाल-श्रीफळ म्हणजे मानधन नव्हे.

आणि चिठ्ठ्या तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत फाडा. एकदा मी पिशवीत घालून घरी आणल्या, तर रात्री दहाच्या आत तिघांचे फोन आले, 'सर, अक्षर ओळखता येतं का हो?'