एक्झॉस्टजवळची वायरिंग: स्लीव्हच्या आधी अंतर बघा

हीट स्लीव्ह (वायरवर चढवायची उष्णतारोधक नळी) घेण्याआधी गाडीच्या एक्झॉस्टजवळची वायर तिथून हलवता येते का, ते बघा. जोर लावून चालवल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा पाइप) सहज ५०० अंशांपुढे तापतो. साधं पीव्हीसी इन्सुलेशन ८० ते १०५ अंशांपर्यंतच तग धरतं. हार्नेस (वायरींचा जुडगा) चार-पाच इंच लांब नेलात तर अर्धं काम तिथेच होतं.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, मग वायर बोटाने हळूच वाकवून बघा. कडक लागली, बारीक तडे दिसले की तेवढा तुकडा बदला. त्यावर स्लीव्ह चढवली तर शॉर्ट फक्त झाकला जातो. नवी वायर क्रॉस-लिंक्ड (उष्णतेत न वितळणाऱ्या प्लास्टिकच्या) इन्सुलेशनची घ्या, ती १२५ अंश सोसते.

मॅनिफोल्डसमोर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली फायबरग्लास स्लीव्ह चांगली, पण ती धातूला टेकता कामा नये. मध्ये हवेची फट असेल तरच ती उष्णता परतवते. टेकली की तापून आतल्या वायरीही तापवते. टोकं स्वतःला चिकटणाऱ्या सिलिकॉन टेपने बंद करा. काळ्या इन्सुलेशन टेपचा गोंद वितळून सुटतो.

नायलॉनचे टाय इथे अजिबात नकोत. उष्णतेने ते ठिसूळ होऊन तुटतात आणि हार्नेस थेट पाइपवर पडतो. रबर अस्तराचे स्टीलचे पी-क्लॅम्प (P आकाराच्या पकडपट्ट्या) बॉडीला बोल्टने बसवा, आणि इंजिन हलतं म्हणून थोडी ढील ठेवा.

ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला सोल्डर करू नका. काही सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरीतूनच घेतात, आणि सोल्डरने ती वाट बंद होते.