प्रोलॅक्टिन वाढलंय, गाठही दिसतेय, मग ऑपरेशन?

प्रश्न : वय ३१. पाच महिने पाळी नाही, छातीतून दुधासारखा स्राव येतो. प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं हार्मोन) ८६. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत ४ मिमीची गाठ दिसली. घरात सगळे ‘ब्रेन ट्यूमर’ म्हणून घाबरलेत. ॲसिडिटीच्या गोळीशिवाय कुठलंही औषध चालू नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी त्या गोळीचं पाकीट उलटून बघा. पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलसोबत डॉमपेरिडोन वा लेव्होसल्पिराइड लिहिलंय का? प्रोलॅक्टिनवर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा लगाम असतो. ही जोडीची औषधं तो सैल करतात, आणि तेवढ्यानंही ८६ आकडा येऊ शकतो. डॉक्टरांना विचारून गोळी किमान तीन दिवस थांबवा आणि तपासणी पुन्हा करा. (मानसिक आजाराची औषधं मात्र स्वतःहून कधीच थांबवू नयेत.) उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडा वेळ शांत बसून रक्त द्या. सोबत टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि गरोदरपणाची चाचणी हवीच. तरीही आकडा चढाच राहिला, तर लॅबला मॅक्रोप्रोलॅक्टिन तपासायला सांगा. तो प्रोलॅक्टिनचाच निरुपद्रवी प्रकार असतो.

हे सगळं एमआरआयच्या आधी व्हायला हवं होतं. पिट्युटरीत इतकी बारीक गाठ दहातल्या एखाद्या धडधाकट माणसातही सापडते.

प्रोलॅक्टिनोमाच (प्रोलॅक्टिन तयार करणारी गाठ) निघाला, तरी पहिला उपाय गोळ्यांचा : कॅबरगोलिन, सहसा ०.२५ मिग्रॅ आठवड्यातून दोनदा. रात्री जेवणानंतर घ्या, नाहीतर मळमळतं आणि उठताना चक्कर येते. महिन्याभराने प्रोलॅक्टिन पुन्हा बघतात. पाळी परत येण्याआधीच दिवस राहू शकतात, हे कुणी सांगत नाही. मूल नको असेल तर पहिल्या गोळीपासून कंडोम वापरा.

प्रश्न : पतींची पिट्युटरीतली गाठ ३२ मिमीची, प्रोलॅक्टिन फक्त ९०. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : त्याआधी तोच नमुना शंभरपट पातळ करून मोजून घ्या. प्रोलॅक्टिन अफाट असेल तर काही यंत्रांवर आकडा खोटाच कमी येतो. पातळ केल्यावर तो हजारांत गेला, तर गोळ्यांनी गाठ आकसते आणि ऑपरेशन बहुधा टळतं. ९०च राहिला, तर गाठ दुसऱ्या प्रकारची असून पिट्युटरीच्या देठावर दाब आणतेय असं समजावं; मग ऑपरेशन योग्य. दोन्ही वेळा सकाळी आठचं कॉर्टिसोल (ताणाशी लढणारं हार्मोन), फ्री टी४ हे थायरॉईडचं हार्मोन (नुसतं टीएसएच इथे फसवतं) आणि डोळ्यांची पेरिमेट्री (नजरेच्या आवाक्याची तपासणी) आधी व्हायला हवी. अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, दिसेनासं होणं किंवा एकाचे दोन दिसणं, यातलं काही झालं तर तारखेची वाट न बघता लगेच इमर्जन्सीत न्या.