ड्रोन बघून बीएसएफ म्हणणारी मुलगी

जयसिंगपूरच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला. पाकिस्तानातून अमली पदार्थ घेऊन येणारे ड्रोन पंजाबच्या सीमेवर पाडतात, त्यांचे व्हिडिओ बघून तिनं ‘मला बीएसएफमध्येच (सीमा सुरक्षा दलात) जायचंय’ असा धोशा लावलाय. त्यात एका क्लासवाल्यानं ‘बॉर्डर सिक्युरिटी टेक्नॉलॉजी’च्या आठ महिन्यांच्या डिप्लोमाचे ८५ हजार सांगितलेत, नोकरीच्या हमीसकट. वडील विचारतात, पैसे भरू का? आणि मुलीला हे झेपेल का?

आधी पैशांचं. भरू नका. बीएसएफमध्ये असिस्टंट कमांडंट, म्हणजे अधिकारी व्हायला कुठल्याही शाखेची पदवी आणि यूपीएससीची सीएपीएफ (केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं) परीक्षा लागते. वय २० ते २५. तिथं असला डिप्लोमा कुणी विचारत नाही, आणि सरकारी भरतीची हमी क्लासवाला कुठल्या खिशातून देणार?

झेपेल का, हे तिच्या पायांना विचारा. मुलींसाठी १०० मीटर १८ सेकंदांत, ८०० मीटर ४ मिनिटं ४५ सेकंदांत, लांब उडी ३ मीटर. उंची १५७ सेंटीमीटर. सपाट तळवे, रंगांधळेपणा, चष्म्याचा नंबर हे सगळं वैद्यकीय तपासणीत बघतात. म्हणून अभ्यासाची पुस्तकं आणायच्या आधी एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. लेखी आणि मैदान दोन्ही मारून वैद्यकीयला बाद झालेली मुलं माझ्यासमोर येऊन बसलेली आहेत. तेव्हा त्यांना काय सांगायचं, ते मलाही सुचत नाही.

आता तिच्या ड्रोनकडे येऊ. व्हिडिओत दिसतं ते तो पडेपर्यंतचं. तिच्या शिक्षणाचं काम त्यानंतर सुरू होतं. २०२२ च्या डिसेंबरात अमृतसर भागात पाडलेल्या एका ड्रोनची मेमरी उघडली, तेव्हा तो त्याच वर्षी जूनमध्ये शांघायमध्ये आणि नंतर पाकिस्तानातल्या खानेवालमध्ये २८ वेळा उडाल्याची नोंद सापडली. शेतात पडलेल्या प्लास्टिकच्या सांगाड्यातून एवढं बाहेर आलं! हे काम बंदुकीचं नाही. चिप न बिघडवता काढायची, डेटाची जशीच्या तशी प्रत घ्यायची, आणि ती कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली हे कागदावर पक्कं ठेवायचं. बीएसएफ माल आणि माणूस पकडते, पण पुढचा तपास पोलीस किंवा नार्कोटिक्स ब्युरोकडे जातो. पंचनाम्यात, सीलमध्ये किंवा नोंदीत ढिलाई झाली की आरोपीच्या वकिलाचं काम सोपं होतं. या वाटेसाठी नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी आहे. मुख्यालय गांधीनगरला, एक कॅम्पस आपल्या शेजारी गोव्यात.

दुसरं उदाहरण आसामच्या धुबरीचं. ब्रह्मपुत्रा तिथून बांगलादेशात शिरते. ६१ किलोमीटरची ही सीमा नदीतली आहे. पुरात वाळूची बेटं बुडतात, प्रवाह जागा बदलतात, मग कुंपण घालणार कुठे? तिथं कॅमेरे, सेन्सर, मायक्रोवेव्ह आणि ऑप्टिकल फायबरचं जाळं उभं केलं, ते २०१९ च्या मार्चमध्ये सुरू झालं. ते उभारण्याचं काम बीएसएफच्याच माहिती-तंत्रज्ञान विभागानं हाती घेतलं होतं. तुमच्या मुलीच्या अभ्यासक्रमातले निम्मे विषय तिथं चिखलात उभे आहेत. पण सेन्सरला माणूस, जनावर आणि वारा यांतला फरक आपणहून कळत नाही. रात्रीत दहा वेळा खोटी घंटी वाजली की अकराव्या वेळी पाहणारा कंटाळतो, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी येऊ शकतं. खोटे इशारे कमी करणं हा खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यावरच घे म्हणावं.

म्हणजे तिला ठरवायचंय ते एवढंच, वर्दी हवी की यंत्र. असिस्टंट कमांडंट झाली तर सोल्डरिंग विसरा. शंभरेक जवानांची रजा, जेवण, रात्रीचे नाके, हत्यारांची मोजदाद आणि राजस्थानपासून त्रिपुरापर्यंत बदल्या. कामात मान आहे, पण काम माणसं सांभाळण्याचं. यंत्रच हवं असेल तर इंजिनिअरांची गेट परीक्षा द्यावी, डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ व्हायला तिचे गुण चालतात. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना पुण्यात आहे, ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज नवी मुंबईत.

आणखी एक दार लोकांच्या लक्षात येत नाही, ते कस्टम्सचं. सीमा म्हणजे फक्त तारेचं कुंपण नव्हे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मुंद्रा बंदरात जवळपास ३००० किलो हेरॉइन सापडलं. कागदोपत्री तो माल टाल्क दगड होता. एवढं सगळं ड्रोननं आणायचं तर किती फेऱ्या लागतील, तिलाच हिशेब करू द्या. आपल्या न्हावा-शेवाला कंटेनर स्कॅनरच्या पडद्यावर नजर ठेवणारी माणसं हीच लढाई लढतात. केंद्र सरकारच्या एसएससी सीजीएल या भरती परीक्षेतून कस्टम्समध्ये प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर किंवा एक्झामिनर होता येतं, पदवी कुठलीही चालते.

तिला भरतीचं पोस्टर नको, कामाचा दिवस दाखवा. तुमच्या तालुक्यात बीएसएफमधून निवृत्त झालेला कुणीतरी नक्की असेल, एक संध्याकाळ त्यांच्याकडे चहाला बसा. तुम्ही बाहेर थांबा, तिला एकटीला प्रश्न विचारू द्या. आणि उद्या पहाटे मैदानावर घड्याळ घेऊन तुम्हीच उभे राहा. ८०० मीटरला किती लागले, ते मला कळवा.