सीलची वही आणि गणिताचा विषय

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण उभयता नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये, कॉर्नवॉलमधील ट्रुरो येथे राहता. आपली १७ वर्षांची कन्या ए लेव्हलच्या (आपल्याकडील अकरावी-बारावीच्या तोडीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम) पहिल्या वर्षात असून, दर शनिवारी सकाळी गॉड्रेव्हीच्या कड्यावरून खालच्या मटन कोव्हमध्ये पहुडलेले सील (सागरी सस्तन प्राणी) मोजते आणि त्यांची छायाचित्रे काढते. या कामाला अधिक वेळ मिळावा म्हणून तिला आता गणित सोडायचे आहे. हा नुसता छंद आहे की यातून पुढे काही उभे राहील, आणि गणित सोडू द्यावे का, असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो: गणित सोडू देऊ नये. मात्र त्याचे कारण तिला सीलच्याच भाषेत सांगावे लागेल, कारण ती जे करते आहे ते वेळ घालवणे नव्हे.

ग्रे सीलच्या अंगावरील ठिपक्यांची आणि डागांची नक्षी प्रत्येक प्राण्याची वेगळी असते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. मादीच्या फिकट अंगावर ती स्पष्ट दिसते, गडद नराच्या बाबतीत डोळे ताणावे लागतात. ओल्या आणि वाळलेल्या अंगावर तीच नक्षी निराळी भासते, सील कुशीवर वळला की डाग ताणले जातात, आणि डावी बाजू ठाऊक असली तरी उजवीचे छायाचित्र नसेल तर ओळख अपुरी राहते. मादी ३० वर्षांहून अधिक जगू शकते. त्यामुळे एकाच मादीच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या, तर ती कोणत्या किनाऱ्यावर विते, कात कुठे टाकते (म्हणजे अंगावरचे जुने केस कुठे गळतात), मासेमारीच्या जाळ्याचा फास तिच्या मानेत कधी अडकला, हे सारे अंगाला हात न लावता कळते. कॉर्नवॉलमध्ये हे काम मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांच्याच नोंदींवर उभे आहे. म्हणून आपण एकदा तिची वही मागून पाहावी. तारीख, वेळ, भरती-ओहोटी, वारा आणि संख्या यांची नोंद आहे का, आणि मुख्य म्हणजे एकही सील न दिसलेल्या दिवसाचे पान आहे का, ते पाहावे. ते पान असेल, तर मुलीला निरीक्षणाची शिस्त लागली आहे असे खुशाल समजावे.

आता गणिताविषयी. प्रौढ सील बराच काळ समुद्रात असतात, त्यामुळे सगळे एकाच वेळी मोजता येत नाहीत. म्हणून ब्रिटनमध्ये ग्रे सीलची एकूण संख्या ठरवताना मुख्य आधार पिल्लांचा घेतात. पांढऱ्या लोकरीची ही पिल्ले सुमारे तीन आठवडे आईच्या दुधावर किनाऱ्यावरच असतात. मोठ्या वसाहतींमध्ये विमानातून छायाचित्रे घेऊन ती मोजतात आणि त्या आकड्यांवरून संख्याशास्त्राच्या साहाय्याने संपूर्ण समूहाचा अंदाज बांधतात. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील सी मॅमल रिसर्च युनिट हे काम करते आणि सीलविषयी शासनाला दिला जाणारा वैज्ञानिक सल्ला त्यावर आधारलेला असतो. तिथवर पोहोचण्याची जिची इच्छा आहे तिने गणित टाकणे म्हणजे अर्ध्या वाटेवर होडी सोडून देणे होय.

पदवीसाठी सीलपुरता अरुंद अभ्यासक्रम शोधू नये. प्राणिशास्त्र किंवा परिसंस्थाशास्त्राची भक्कम पदवी घ्यावी आणि सागरी सस्तन प्राण्यांचा विशेष अभ्यास पदव्युत्तर पातळीवर करावा. एक्सेटर विद्यापीठाचा पेनरिन परिसर तर आपल्या घरापासून जवळच आहे. यूकास या ब्रिटनमधील विद्यापीठ-प्रवेशाच्या मध्यवर्ती संस्थेच्या अर्जातील निवेदन २०२६ च्या प्रवेशांपासून तीन प्रश्नांत विभागले गेले असून, त्यांपैकी एक शिक्षणाबाहेरील तयारीविषयी आहे. तिथे 'मला प्राणी आवडतात' असे न लिहिता तिने वहीतील एखादा प्रश्न मांडावा.

नोकरीबद्दल आपल्याला अंधारात ठेवणे मला पटत नाही. केवळ सीलच्या अभ्यासाची पदे थोडी आहेत आणि सुरुवातीचे काम बहुधा ठरावीक मुदतीचे असते. परंतु क्षेत्रनिरीक्षण, आकडेवारीचे विश्लेषण आणि नकाशांकन ज्याला येते त्याला पर्यावरण सल्लागार संस्था, समुद्रातील पवनऊर्जा प्रकल्पांचे सर्वेक्षण आणि शासकीय विभाग येथेही वाव असतो. हे कौशल्य एका प्राण्याशी बांधलेले नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर सील नाहीत, पण सिंधुदुर्गच्या समुद्रातील हंपबॅक डॉल्फिनची ओळख पाठीवरील पराच्या छायाचित्रांवरून याच रीतीने पटवली गेली आहे. सुट्टीत गावी याल तेव्हा तिला हे अवश्य सांगावे.

एक काळजी मात्र घ्यावी. सील मान वर करून आपल्याकडे पाहू लागला, तर आपण फार जवळ गेलो आहोत असे समजून मागे सरावे. दचकून खडकांवरून पाण्याकडे धावणाऱ्या गाभण मादीला इजा होऊ शकते. चांगल्या छायाचित्राच्या मोहात कड्याखाली उतरणे आपल्या मुलीसाठी आणि सीलसाठीही धोक्याचे आहे.

विषय बदलण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी तिला एवढेच करायला सांगा: वर्षभरातील शनिवारांचे आकडे महिनावार आलेखावर मांडायचे, आणि कात टाकण्याच्या हिवाळ्यातील गर्दी खरोखर वाढलेली दिसते की ती केवळ त्या दिवसांच्या ओहोटीमुळे तशी भासते, हे शोधून काढायचे. उत्तर शोधताना तिला कोणते गणित लागले, तेवढे मला कळवावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक