व्यसनमुक्तीचे उपचार चालू असलेल्या रुग्णाचे शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे कसे आटोक्यात आणतात?

भावाची ब्युप्रेनॉर्फिनची (अफूवर्गीय नशेचे व्यसन सोडवण्यासाठी रोज देतात त्या औषधाची) गोळी शस्त्रक्रियेआधी बंद करावी का, असे आपण विचारले आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझे मत स्पष्ट आहे: बंद करू नये.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या, मेथाडोनवर (त्याच उपचाराच्या दुसऱ्या औषधावर) असलेल्या एका तरुणासाठी मला रात्री वॉर्डात बोलावले होते. सकाळची मेथाडोनची मात्रा ‘उपाशीपोटी नको’ म्हणून टाळली गेली होती आणि तो विव्हळू लागल्यावर त्याला पेंटाझोसिन हे वेदनाशामक टोचले होते. हे औषध अशा रुग्णाला कधीच देऊ नये, कारण ते ओपिऑइडचा (मेथाडोन, मॉर्फिनसारख्या अफूवर्गीय औषधांचा) परिणाम उलटवून विड्रॉवल, म्हणजे औषध अचानक तुटल्याचा त्रास, ओढवते. त्याच्या दंडावर काटा आला होता, नाक गळत होते, जांभयांवर जांभया येत होत्या आणि डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या होत्या, तरीही शल्यविशारद म्हणाले, “नाटक आहे, त्याला फक्त नशा हवी आहे.” बाहुल्यांचे नाटक कोणाला जमते, हे त्यांनी मला आजवर सांगितलेले नाही.

मी मेथाडोन पुन्हा सुरू केले, मांडीतील मज्जातंतूला ब्लॉक (तो भाग बधिर करणारे इंजेक्शन) दिला, पॅरासिटामॉल ठरावीक वेळी लावले, अल्प मात्रेत केटामिन हे भुलीचे, वेदना कमी करणारे औषध दिले आणि उरलेल्या वेदनेसाठी श्वसनावर लक्ष ठेवत मॉर्फिन वाढवत नेले. सवय जडलेल्या शरीराला ते नेहमीपेक्षा जास्त लागते. पहाटे तो झोपला. “तुम्ही व्यसन जोपासता,” असे मला दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर ऐकवण्यात आले. वास्तविक मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनची रोजची मात्रा विड्रॉवल साधारण चोवीस तास रोखत असली, तरी तिचा वेदनाशामक परिणाम सहा ते आठ तासच टिकतो. म्हणून तीच मात्रा दिवसातून तीन-चार वेळा विभागून देता येते. उपचारावरील रुग्णाला तळमळत ठेवले, तर तो पुन्हा नशेकडे वळण्याचा धोका वाढतो, एवढे तरी त्या गृहस्थांना कळायला हवे होते.

अर्थात, मात्रा भूलतज्ज्ञ आणि व्यसनोपचार करणारे डॉक्टर यांनीच मिळून ठरवावी. भाऊ झोपेच्या गोळ्या किंवा मद्य घेत असल्यास ते लपवू नका, कारण श्वास मंदावण्याचा धोका त्यांनी वाढतो. तो नाल्ट्रेक्सोनवर (ओपिऑइडचा परिणामच रोखणाऱ्या औषधावर) असता, तर उत्तर नेमके उलटे असते: त्याच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात आणि महिन्याचे इंजेक्शन असेल, तर शक्यतो शस्त्रक्रियाच शेवटच्या इंजेक्शननंतर चार आठवडे होईपर्यंत पुढे ढकलतात.