सही करा ताई, पण फॉर्मची एक प्रत घरी आणा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. कासारानं साबण लावूनही आईला बांगड्या चढल्या नाहीत, चपलेचा नंबर वाढत गेला आणि शेवटी एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ निघाली. सर्जननं ऑपरेशन सांगितलं आणि सोबत संशोधनाचा एक फॉर्मही दिला. काढलेल्या गाठीचा तुकडा जपून ठेवणार, पुढची काही वर्षं तब्येतीची नोंद घेणार. आता घरचे म्हणतात, "डॉक्टर आईवर प्रयोग करून राहिला, सही करू नको."

हेच मी २०१३ साली आमच्या ओसरीवर ऐकलंय. बाबांचं याच गाठीचं ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं. काका म्हणाले, "डोक्यातला तुकडा ठेवून घेतीन, अन् आपल्याले पत्ताबी नाही लागनार." घरात शिकलेला मी एकटा, त्यातून शाळामास्तर. काकांना समजवायचं सोडून मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी फॉर्मवर सुवाच्य अक्षरात "नकार" लिहून आलो.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. वर्ध्याकडच्या खेड्यातला जिल्हा परिषदेचा मास्तर आहे, बाबांच्या आजारापायी वाचायची खोड लागली एवढंच. आईचा निर्णय तिच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. ॲक्रोमेगली, म्हणजे वाढीचं हार्मोन जास्त होऊन हातपाय वाढण्याचा हा आजार, कसा होतो, नाकातून गाठ कशी काढतात, हे तुम्हाला सांगितलंच असेल, म्हणून ते सोडतो.

बाबांचं ऑपरेशन चांगलं झालं. बोटांची सूज उतरली, घोरणं कमी झालं, आम्ही पेढे वाटले. २०१९ च्या पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावताना त्यांच्या बोटात अंगठी पुन्हा रुतलेली दिसली. तपासलं तर रक्तातलं आयजीएफ-१, म्हणजे वाढीच्या हार्मोनचा अंदाज देणारं द्रव्य, वाढलेलं. पहिले सर्जन तोवर दुसऱ्या शहरात गेले होते. नव्या डॉक्टरांनी जुनी सीडी पाहिली, रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "ब्लॉक कुठाय?"

मला वाटलं तालुका विचारतात.

ब्लॉक म्हणजे मेणाची वडी. काढलेल्या गाठीचा तुकडा प्रक्रिया करून मेणात बसवतात, तो प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार डबीवर असतो आणि डबीच्या कडेला नंबर. काडेपेटीहून लहान वस्तू, पण नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते आणि तिच्यातून नव्यानं कापे काढून नव्या तपासण्या करता येतात. बाबांच्या पहिल्या रिपोर्टात फक्त "पिट्यूटरी ॲडेनोमा" एवढंच होतं. नव्या डॉक्टरांना पाहायचं होतं की त्या पेशींमध्ये हार्मोनचे कण दाट आहेत की विरळ. दाट कणांच्या गाठी वाढीचं हार्मोन दाबणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडसारख्या इंजेक्शनला सहसा चांगली दाद देतात, विरळ कणांच्या कमी.

मग सुरू झाल्या माझ्या फेऱ्या. त्या हॉस्पिटलचं नाव घेत नाही, तिथल्या डॉक्टरांबद्दल तक्रारही नाही. तक्रार आहे रेकॉर्डच्या खिडकीबद्दल. पहिल्या फेरीत म्हणाले, पेशंटला घेऊन या. बाबांना लालपरीत बसवून नेलं, तर म्हणे अर्ज इंग्रजीत पाहिजे. तिसऱ्या फेरीत स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र मागितलं, की ब्लॉक नेल्यावर जबाबदारी आमची. चौथ्या वेळी साहेब सुट्टीवर. पाचव्या वेळी एका मामांनी कीव येऊन खोली उघडून दिली. खोक्यांवर खोके, भिंतीला पावसाच्या पाण्याचे डाग, खालच्या खोक्यांचा पुठ्ठा लापशीसारखा झालेला. त्यावरच्या चिठ्ठ्या सुटून फरशीला चिकटल्या होत्या. २०१३ चं निम्मं वर्ष त्या लापशीत होतं. सहाव्या फेरीत कागद मिळाला: "सदर ब्लॉक उपलब्ध नाही." त्यावर गोल शिक्का मात्र ठसठशीत.

पण खरं दुखलं ते पुढं. त्याच मजल्यावर दोन दारं सोडून त्या संशोधनाचं कपाट होतं. तिथल्या टेक्निशियननं ते उघडून दाखवलं. स्टीलचे खण, वर्षवार नंबर, वही भरलेली. म्हणाला, "मास्तर, तुमचे वडील अभ्यासात असते तर दहा मिनिटांत काढून दिला असता." ज्याला आम्ही प्रयोग म्हणून भ्यायलो, तेवढीच एक जागा त्या इमारतीत धड ठेवलेली होती.

ब्लॉक नाही, म्हणून अंदाजानं इंजेक्शन सुरू केलं. दर चार आठवड्यांनी एक. एका इंजेक्शनच्या पैशात एकरभर पऱ्हाटीचं बियाणं, खत, फवारणी सगळं निघालं असतं. सात महिने दिली, आयजीएफ-१ फारसं हललं नाही. मग दुसरं ऑपरेशन झालं आणि त्या तुकड्यावर कळलं की कण विरळ आहेत. आधी कळलं असतं तर ती इंजेक्शनं टळलीच असती असं मी म्हणत नाही, विरळ कणांवरही कधी गुण येतो. पण डॉक्टरांनी एवढे महिने वाट पाहिली नसती, आणि वावराचा एक तुकडा आज आमच्याकडं असता.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: जो सर्जन नोंदी ठेवतो त्याला घाबरू नका, जो ठेवत नाही त्याला घाबरा. हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूच्या सर्जननं १९१० ते १९२५ या काळात नाकाच्या वाटेनं २३१ पिट्यूटरीच्या गाठी काढल्या, आणि त्यात ५.६ टक्के रुग्ण दगावले. अँटिबायोटिक नसलेल्या काळातला हा आकडा आपल्याला कळतो, कारण त्यानं मोजून ठेवला. त्यानं जपलेल्या मेंदूंच्या बरण्या आणि रुग्णांचे फोटो आज येल विद्यापीठात आहेत. पुढं त्यानं स्वतःच नाकाची वाट सोडून कवटी उघडायला सुरुवात केली. एडिनबराच्या नॉर्मन डॉटनं ती वाट चालू ठेवली, त्याच्याकडून पॅरिसच्या गिओनं घेतली, गिओकडून माँट्रियलच्या ज्यूल्स हार्डीनं, आणि हार्डीनं १९६० च्या दशकात त्यात मायक्रोस्कोप आणला. आईच्या नाकातून उद्या दुर्बीण जाईल ती याच वाटेनं.

आणि जपलेल्या तुकड्यांचं काय होतं, त्याचं एक उदाहरण: पिट्यूटरीच्या शेजारी क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ होते. तिच्या पॅपिलरी प्रकारात बहुतेक वेळा बीआरएएफ या जनुकातला एकच बिघाड असतो, हे २०१४ मध्ये अशा तुकड्यांवरूनच कळलं. २०२३ मध्ये त्या बिघाडावर चालणाऱ्या गोळ्यांचा अभ्यास छापून आला, १६ पैकी १५ जणांची गाठ चांगलीच आटली. त्या मूळ तुकड्यांच्या मालकांच्या घरीही एखादा काका असेलच की.

आता सावधगिरी. फॉर्म कशाचा आहे ते नीट वाचा. तुकडा ठेवणं आणि तब्येतीची नोंद घेणं ही एक गोष्ट, नव्या औषधाची चाचणी ही वेगळी. दुसरी असेल तर घाईनं सही नको. नुकसान झालं तर उपचार आणि भरपाई कोण देणार ते विचारा. दोन्हींत माहितीपत्रक मराठीत मागा, एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात रुग्णाचं हित जपलं जातं का ते पाहणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का विचारा. नकार दिला तरी उपचारात फरक पडू नये, आणि सही केल्यावरही पुढं कधीही बाहेर पडता येतं. आईला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, निर्णय तिचाच. सही केलेल्या फॉर्मची प्रत घ्या. बायोप्सीचा नंबर मोबाइलमध्ये आणि घरच्या वहीतही लिहा. मी आता वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहितो, राशन कार्डाच्या नंबराच्या वर.

विषय निघाला म्हणून अजून थोडं. आईचे लग्नातले आणि दहा वर्षांपूर्वीचे फोटो सोबत न्या, डॉक्टर ते फार बारकाईनं पाहतात. ऑपरेशनआधी डोळ्यांची फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूचं किती दिसतं ती तपासणी, करून रिपोर्ट जपा. घरी आल्यावर पहिले दोन आठवडे डोकेदुखी, मळमळ, गुंगी आली तर "अशक्तपणा आहे" म्हणून लिंबूपाणी देत बसू नका, त्याच दिवशी रक्तातलं सोडियम तपासा. बाबांचं सोडियम आठव्या दिवशी उतरलं, आम्ही एक रात्र वाया घालवली. नाकातून पाण्यासारखं थेंब थेंब गळालं तर लगेच फोन करा. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर एकादशी असो की महाशिवरात्र, त्या चुकवायच्या नाहीत. आमची आजी "उपासाला औषध चालत नाही" म्हणून अडून बसली होती, तिला पटवायला गुरुजींना घरी बोलवावं लागलं.

जनआरोग्य योजनेत बसतं का ते ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली की इथंच कळवा. आणि काकांना, म्हणजे तुमच्या घरी जे कोणी असतील त्यांना, माझा नंबर द्यायला हरकत नाही. तुम्हाला मेसेजमध्ये पाठवतो. संध्याकाळी सातनंतर मोकळा असतो.