रॉयल एनफील्ड राजकारणापासून अलिप्त कशी राहते?

अमेरिकेच्या हार्ली-डेव्हिडसनला राजकारणाची झळ बसते, मग रॉयल एनफील्डला का नाही, असं तुम्ही विचारलंय. कंपनी जपून बोलते हे खरंच, पण मला खरं कारण जुनं वाटतं.

भारतात बुलेट रुजवली ती सरकारनं. १९५० च्या दशकात सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या ८०० गाड्यांची ऑर्डर इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्याला गेली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्ससोबत एनफील्ड इंडिया उभी राहिली. पुढे १९७० च्या सुमारास तिकडचं उत्पादन थांबलं, मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरचं चालूच राहिलं. कोणत्याही पक्षाचा झेंडा लागायच्या आधी गाडीला वर्दी चिकटली होती, आणि वर्दी सगळ्यांनाच आपली वाटते.

नागपुरात दसऱ्याला या भाऊ. रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाची गर्दी. बुलेट दोन्हीकडे दिसेल. हिवाळी अधिवेशनात मोर्च्यातही बुलेट आणि बंदोबस्तातही. जुनी असली की तिच्याभोवती लगेच घोळका जमतो: डावीकडचा डिकॉम्प्रेशन लिव्हर (इंजिनातला दाब सोडणारा) दाबायचा, अ‍ॅमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा मध्यावर आणायचा, मग किक. काटा चुकला तर किक उलटी बसते आणि पिंढरीला चांगलंच कळतं. त्या वेळी मालकाचा पक्ष कोणी विचारत नाही.

२००० मध्ये सिद्धार्थ लाल यांनी एनफील्डची सूत्रं घेतली, तेव्हा मालक कंपनी आयशर हा धंदा गुंडाळायच्या विचारात होती. गिअर उजवीकडून डावीकडे गेला, इलेक्ट्रिक स्टार्ट आला, २००९ ला नव्या इंजिनाची क्लासिक आली. रूप मात्र जुनंच ठेवलं. जाहिरातीत डोंगर, रस्ता, धूळ. त्यावर भांडणार कोण?

हार्लीनं मात्र अमेरिकेचा झेंडाच अंगावर मिरवला. २०१८ मध्ये युरोपच्या आयातशुल्कामुळे काही उत्पादन अमेरिकेबाहेर नेतो म्हटल्यावर खुद्द ट्रम्प यांनी बहिष्काराची भाषा केली. २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरच्या मोहिमेनंतर तिला विविधतेची धोरणंही मागे घ्यावी लागली. देशाभिमान विकला की गिऱ्हाईक त्याचा हिशेबही मागतं.

एनफील्डचं गप्प राहणं मला तत्त्व वाटत नाही, धंदाच वाटतो. तिला भारतात फौजेची आठवण विकायची आहे आणि इंग्लंडमध्ये रेडिचची. तोंड उघडून यातलं एक गिऱ्हाईक ती कशाला घालवेल?